पाच नंबरचं बेसिन

मावशींनी दोन्ही हात पुढे केले. लॅबमधल्या मुलीने कापसाची काडी त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतून फिरवली, मग फरशी पुसायच्या फडक्यावरून. सगळा वॉर्ड बघत होता.

रक्ताच्या कॅन्सरच्या या वॉर्डात मावशी एकवीस वर्षं साफसफाई करत होत्या. महिन्याभरात पाच नंबरच्या खोलीतले तीन पेशंट तापाने फणफणले. केमोने अंगातली ताकद आधीच गेलेली, त्यात रक्तात असा जंतू निघाला की एकाही अँटिबायोटिकला दाद देईना. दोघं कसेबसे वाचले. तिसरे, शाळेतले निवृत्त मास्तर, गेले. शब्दकोडं अडलं की ते मावशींना विचारायचे. ते गेले आणि सगळ्यांचा संशय मावशींच्या फडक्यावर आला.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. हात स्वच्छ, फडकं स्वच्छ. सुटलात बाई, असं सिस्टर म्हणाल्या.

मावशींना ते झोंबलं. सुटायला त्यांनी केलं काय होतं? त्या तडक मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या. इतक्या वर्षांत हातात बादली न घेता तिथे जायची ही पहिलीच वेळ.

"माझे हात तपासलेत, बरं केलंत. आता पाच नंबरचं बेसिन तपासा."

का, तेही त्यांनी सांगितलं. बेसिन तुंबतं. नळ सोडला की पाणी जाळीवर आपटून उडतं, शिंतोडे पार उशाजवळच्या टेबलापर्यंत जातात. ते टेबल रोज सकाळी पुसतं कोण? दोनदा सुपरवायझरच्या कानावर घातलं होतं. त्याने कानाआड केलं.

डॉक्टर उठून त्या खोलीत गेले, मावशींना नळ सोडायला सांगितला आणि टेबलावर तळहात ठेवून उभे राहिले. हात ओला झाला.

जाळीखालच्या बुळबुळीत थरात तोच जंतू निघाला. बेसिन काढलं, पाइप काढला, भिंतीतलं भोक बुजवलं. पुढचे तीन महिने त्या खोलीत तसा ताप कोणाला आला नाही.

तिसऱ्यांदा ओरडून सांगायला हवं होतं, असं मावशी घरी नवऱ्याला म्हणाल्या. मास्तर मनातून जात नव्हते.

वरच्या ऑफिसला रिपोर्ट पाठवायच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना बोलावून खुर्ची दिली. कारण कोणी शोधलं, त्यापुढे 'सफाई कर्मचारी' असं लिहिलं होतं. मावशींनी चष्मा लावून ते वाचलं.

"कर्मचारी राहू द्या," त्या म्हणाल्या, "पण पुढे नाव घाला. आख्खं."

मग स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, असं सावकाश सांगितलं, आणि लिहून झाल्यावर डॉक्टरांना एकदा मोठ्याने वाचायला लावलं.