नेवेनाने फेकलेली खुर्ची

मी एक लहानशी खुर्ची, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी. त्रोयान गावातल्या सुताराने मला घडवलं, निळा रंग दिला आणि मी या बालवाडीत आले. अकरा वर्षं मुलांनी माझ्यावर बसून दही खाल्लं, मला उलटी करून आगगाडी केली. फेकलं मात्र कुणी नव्हतं.

ते नेवेनाने केलं. साडेचार वर्षांची पोर. आधी नुसती गप्प असायची, मग ढकलू लागली, चावू लागली. मार्चमधल्या एका दुपारी तिने मला भिरकावलं. माझा पाय मोडला आणि छोट्या बोरिलच्या कपाळाला खोक पडली.

दुसऱ्या दिवशी बोरिलची आई स्नेझाना दारातच उभी राहून बालवाडीच्या बाईंना म्हणाली, "मिलकाबाई, एक तर ती पोर इथे राहील, नाहीतर माझा मुलगा."

नेवेनाचे वडील कामेन मान खाली घालून म्हणाले, "घरी दोन दिल्यात तिला. अजून देतो."

"मारून सुटलं असतं तर एव्हाना सुटलं असतं," मिलकाबाई म्हणाल्या. "मला दोन महिने द्या."

त्यांनी मुलांचं मन जाणणाऱ्या एलित्साला बोलावलं. माझा पाय चिकटवून झाला होता. ती तीन दिवस कोपऱ्यात माझ्यावरच बसून बघत राहिली. मी करकरत होते. नेवेना बिघडायची ती चारनंतर, घंटी वाजून आया मुलांना न्यायला येऊ लागल्या की.

"हिची आई कुठे असते?" एलित्साने कामेनना विचारलं.

"इटलीत. एका म्हातारीला सांभाळते. ऑक्टोबरात गेली."

"नेवेनाला काय सांगितलंत?"

"दुकानात गेलीय, येईल म्हणालो. फोनही देत नाही, रडेल म्हणून."

"दादा, ती पाच महिने दुकानातून आई यायची वाट बघतेय."

कामेननी नेवेनाला जवळ बोलावलं. मग माझ्यावर बसून त्यांनी लेकीला खरं सांगितलं. ती किंचाळली, त्यांना लाथा मारल्या. त्यांनी हात उगारला नाही, तिला धरून बसले.

लगेच सगळं निवळलं असं नाही. रोज चारला आईचा फोन येऊ लागला. दर मंगळवारी एलित्सा यायची, राग आला की हातांचं काय करायचं ते शिकवायची. तरी एप्रिलमध्ये एक कप फुटलाच.

मेमध्ये एकदा आईचा फोन लागला नाही. घंटी वाजली. नेवेनाने दोन्ही हातांनी माझी पाठ धरली. मी म्हटलं, आता गेले. पण तिने मला टेबलाखाली सरकवलं आणि म्हणाली, "बाई, मला खूप राग आलाय."

"बरं झालं सांगितलंस. ये, बस इथे," मिलकाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

दारात स्नेझाना उभी होती. तिने बोरिलची टोपी नीट केली, जरा घुटमळली. "नेवेना, रविवारी याचा वाढदिवस आहे. येशील ना?"

आता नेवेना शाळेत जाते आणि मी नव्या मुलांना घेऊन बसते. तुमच्याकडे एखादं मूल वस्तू फेकत असेल, तर त्याला वाईट ठरवण्याची घाई करू नका. ते कुणाची वाट बघतंय, एवढं विचारा. आणि ते लहान आहे तोवरच विचारा.