सासूबाईंच्या वस्तऱ्याला कुठलं तेल

नोबुएच्या केस कापायच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी पाती बदलायचे वस्तरे होते, हल्ली सगळ्यांकडे असतात तसेच. पण लेकीच्या लग्नाच्या सकाळी तिला हातात हवा होता तो सासूबाईंचा वस्तरा. पात्यापासून मुठीपर्यंत एकसंध लोखंडाचा, मुठीवर वेताची बारीक पट्टी गुंडाळलेला, जुन्या घडणीचा. नोबुए या बेटावर सून म्हणून आली त्या दिवशी तोमी सासूबाईंनी याच वस्तऱ्यानं तिच्या गालांवरची आणि मानेवरची लव काढली होती. लव काढल्याशिवाय नवरीच्या मानेवर पांढरा लेप बसत नाही, त्यामुळे प्रत्येक नवरीची ती काढलीच जाई. पण सासूबाईंचा हात इतका हलका की नोबुएला खुर्चीतच झोप लागली. पुढच्या संसारात सासूबाई तितक्या हलक्या हातानं वागल्या नाहीत, ती गोष्ट वेगळी. तरी त्या सकाळची झोप नोबुए विसरली नव्हती, आणि लेकीला, चिनात्सुलाही, तशीच झोप लागावी, एवढीच तिची इच्छा होती.

सासूबाई गेल्या तेव्हा नोबुएनं वस्तरा पुसला, तेल लावून मऊ कागदात गुंडाळला आणि मोठ्या भक्तीनं पितरांच्या देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला. चिनात्सुचं लग्न शरदात ठरलं, म्हणून उन्हाळ्यात तिनं खण उघडला, तर पात्यावर तपकिरी ठिपके. 

तिचा नवरा कान्जी बंदरावर बोटींवरचे जाळी ओढायचे रहाट आणि मासेमारीची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या खिशात लांब चोचीची तेलाची कुपी कायम असे, झोपताना तेवढी तो बाहेर काढून ठेवी. दार करकरलं, घाल तेल. कात्री अडली, घाल तेल. नोबुएचा मात्र सगळा भरवसा शेजारच्या मासुआजीनं घाण्यावर काढलेल्या कॅमेलियाच्या बियांच्या तेलावर. तेच केसांना, तेच भज्यांना, तेच वस्तऱ्याला. या दोन तेलांवरून नवराबायकोत लग्नापासून जुंपलेली होती, आणि आज कान्जीला आयतंच कोलीत मिळालं. तळणीचं तेल लोखंडाला लावल्यावर दुसरं काय होणार, असं तो आल्यागेल्याला ऐकवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोबुएनं नेहमीप्रमाणे देव्हाऱ्यात गरम भाताची वाटी आणि चहा ठेवला, आणि तिथंच थबकली. भाताची वाफ मागच्या फळीला लागून थेंब थेंब खाली ओघळत होती, थेट खणात. इतकी वर्षं सासूबाईंना घास दाखवता दाखवता ती त्यांच्या वस्तऱ्याला वाफारा देत आली होती. आता तेलाची अब्रू वाचवायची तर स्वतःचं शहाणपण चव्हाट्यावर मांडणं भाग होतं. अर्धा दिवस तिनं दुकानातल्या त्याच त्या कात्र्या पुसून काढल्या. मग तेलाच्या बाजूनं बोलायचं ठरवून तिनं सगळं सांगून टाकलं. कान्जी इतका हसला की त्याला जमिनीवर बसावं लागलं.

"आई सुनेला नाही सोडायची," तो डोळे पुसत म्हणाला, "पण सुनेनंही आईला सोडलं नाही की गं."

ठिपके नोबुएनं दगडावर घासून काढले. पातं अजून एकदा घासण्याइतकं जाड राहिलं नव्हतं. आता लग्नापर्यंत त्याच्यावर गंजाचा एक कण चढला तरी संपलं. आणि घर समुद्राला चिकटलेलं, वारा असा खारा की वाळत घातलेले कपडेसुद्धा मिठाचे लागायचे. शेवटी परीक्षा घ्यायचं ठरलं. समुद्राकडच्या खिडकीत मोडीतली पाती मांडली, एकाला मासुआजीचं तेल, एकाला कान्जीचं. होणारा जावई र्योहेई खानावळीत आचारी होता, त्यानं आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून ऑलिव्हचं तेल आणून आपलंही एक पातं मांडलं.

ऑलिव्हचं पातं लवकरच चिकचिकीत झालं आणि त्यात एक माशी अडकली. र्योहेईनं ते पातं गुपचूप उचललं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. कॅमेलियाचं पातं चांगलं टिकलं, पण टोकाला, जिथं तेल पातळ झालं होतं, तिथं एक बारीकसा ठिपका आला. कान्जीचं पातं आरशासारखं लखलखत होतं. नोबुएनं भिंगातून पाहिलं, उजेडात नेऊन पाहिलं, उलटंसुलटं करून पाहिलं. मग तिनं वस्तरा नवऱ्यापुढे सरकवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरातच आपटली.

कान्जीनं त्या दिवसापासून वस्तऱ्याची अशी सेवा केली की देवाची कुणी करणार नाही. हात सैल सोडून तेल घातलं. पात्याला घातलं आणि मुठीलाही घातलं.

लग्नाच्या सकाळी चिनात्सु येऊन खुर्चीत बसली. नोबुएनं कागद उलगडला. पातं असं चमकत होतं की तिला रडूच आलं. आणि मग नाकाला वास लागला. यंत्राचा, बंदराचा. मुठीवरच्या वेतात तेल पार मुरलं होतं. तिनं गरम पाण्यानं पुसलं, स्पिरिटनं पुसलं, पुन्हा पुसलं. पातं स्वच्छ झालं, पण मुठीचा वास हलेना. नवरीच्या चेहऱ्याशी हे घेऊन जायचं? तिचा हात दुकानातल्या रोजच्या वस्तऱ्याकडे गेला. इतके दिवस जपलेली इच्छा अशी हातची जाताना पाहून तिचा जीव तुटला.

"चिनात्सु, ह्याला बाबांच्या तेलाचा वास मारतोय गं," ती म्हणाली. "दुसऱ्यानं करते. कुणाला कळायचंही नाही."

आतल्या पडद्यामागे कपडे करत असलेल्या कान्जीनं पडद्याला कान लावला.

चिनात्सुनं डोळे मिटून वास घेतला. "हाच घे, आई," ती म्हणाली. "लहानपणी मला ताप आला की बाबा कामावरून तसेच यायचे आणि कपाळावर हात ठेवायचे. तेव्हा असाच वास यायचा. मग मला झोप लागायची."

पडद्यामागून नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला.

नोबुएनं साबणाचा फेस लावला आणि वस्तरा कपाळापासून खाली आणला. हात आपोआप हलका झाला. कपाळ, गाल, हनुवटी. मानेजवळ पोचेपर्यंत पोरीचा श्वास संथ झाला होता आणि तोंड किंचित उघडं पडलं होतं. नवरी खुर्चीत गाढ झोपली होती.

नोबुएनं तिच्या गळ्याभोवतीचा फडका नीट केला. मग तिनं पातं पुसून कोरडं केलं आणि दुसरा रिकामा हात मागे न बघता पडद्यातून आत घातला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ती कुपी द्या इकडे."

कान्जीनं ती तिच्या तळहातावर ठेवली. लग्नाच्या कपड्यांच्याही खिशात ती होतीच.