मधे कुठेच न थांबता

लेखकाची ताई लिफ्टशी बोलायची. यात वेडबिड काही नव्हतं. जिने चाळीस वर्षं नवऱ्याशी बोलून एकदाही धड उत्तर मिळवलं नाही, तिला लिफ्टच्या मौनाचं काय वाटणार?

नवरा गेल्यावर मुलाने तिला आपल्याकडे नेलं, तीस मजली इमारतीत, सतराव्या मजल्यावर. मुलगा आणि सून सकाळी बाहेर पडायचे ते दिवे लागल्यावर परतायचे. घरात सगळं होतं, माणसं तेवढी नव्हती. ती लिफ्टमध्ये होती. म्हणून ताई रोज अकराच्या सुमाराला पाव आणायच्या निमित्ताने खाली जायची आणि पाव विसरले या निमित्ताने पुन्हा जायची.

दार उघडलं की म्हणायची, "आलीस का बाई?" लिफ्ट कुरकुरली तर बटणांच्या पट्टीवर हात फिरवायची. "हो गं, माझेही गुडघे दुखतात." लोक आधी हसले, मग बोलू लागले. लिफ्ट वर जाताना जवळजवळ प्रत्येक मजल्यावर थांबायची. घाईतले लोक त्यावरून कातावायचे, ताईचं मात्र तेवढ्यात सगळ्यांशी बोलणं व्हायचं. बाराव्यावरच्या दंतवैद्याचं स्वतःचा दात काढून घ्यायला घाबरणं, नवव्यावरच्या गाण्याच्या बाईंचं जावयाशी न पटणं, हे सारं तिला तोंडपाठ होतं. गाण्याच्या बाई तर नववा आला तरी उतरायच्या नाहीत. सतराव्यापर्यंत येऊन, बोलणं पुरं करून मग खाली जायच्या.

एकदा इमारतीच्या अध्यक्षांनी तिला दार अडवून ठेवल्याबद्दल झापलं. ताई लिफ्टला म्हणाली, "बघून घे गं यांना." सगळे हसले. त्याच आठवड्यात अध्यक्षांचा टाय दारात अडकला. ताईने हे फोनवर भावाला इतकं रंगवून सांगितलं की दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईचं हसून आलं होतं. भावाच्या पाण्यात थोडं लाळेचंही होतं, कारण त्याला गोष्ट मिळाली होती.

हा भाऊ म्हणजे लेखक. वय त्रेपन्न, डोक्यावर केस मोजके, पण ताई अजून 'छोट्या' म्हणायची. तोवर त्याने गाद्यांच्या जाहिराती लिहिल्या होत्या आणि रडक्या मालिका. निर्माता म्हणाला होता, "रडणं लोकांना घरी फुकट मिळतं. घाबरवा." ताईने वाढून ठेवलेलं आयतं ताट होतं. लेखक जेवायला बसला.

सिनेमात उंच इमारत होती आणि तिची यंत्रं माणसं मारत होती. काचा पुसण्याचा पाळणा पुसणाऱ्याला घेऊन सुटायचा. कचरा खाली टाकायचा नळ माणूस आत ओढायचा. अध्यक्षांना लिफ्टच्या दाराने टायसकट धरलं आणि मग टाय तेवढा बाहेर राहिला. या सगळ्या यंत्रांची म्होरकी लिफ्ट, आणि लिफ्टच्या पाठीवर मायेने हात फिरवणारी एक म्हातारी. ती हसत 'बघून घे गं' म्हणाली की पुढच्या प्रसंगात प्रेत. लेखकाचा खास अभिमानाचा भाग असा की लिफ्ट कुणाला मारणार असली तर मधे कुठेच थांबायची नाही. दारावरचे आकडे सरळ चढत जायचे. एक, दोन, तीन. प्रेक्षक खुर्चीचे हात धरायचे. शेवटी म्हातारीलाही तिने असंच नेलं.

सिनेमा तुफान चालला.

ती म्हातारी कोण हे कुणालाही कळलं नसतं. पण भावाचं कौतुक हा ताईचा जुना आजार. त्याचे शाळेतले निबंध ती दारात येणाऱ्या पोस्टमनला वाचून दाखवायची आणि तो बिचारा उन्हात उभा राहून ऐकायचा. सिनेमा पाहून आली आणि दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये तिने जाहीर केलं, "ती म्हातारी म्हणजे मी बरं का! माझ्या भावाने लिहिलंय."

दोन महिन्यांनी निर्मात्याने लेखकाला बोलावलं. दुसरा भाग काढायचा होता. "त्या म्हातारीत अजून रस आहे. भेटून या, पिळा जरा." म्हातारी भूत होऊन यंत्रांत शिरते, एवढं त्याने ठरवूनही टाकलं होतं. लेखक बिस्किटांचा पुडा घेऊन निघाला. एरवी तो हात हलवत जायचा. पुडा होता म्हणजे मनात काहीतरी खुपत असणार.

तळमजल्यावर तो लिफ्टमध्ये शिरला. बाराव्यावर दार उघडलं आणि पांढऱ्या कोटातल्या माणसाने आधी नुसती मान आत घातली.

"आजी नाहीत ना आत?"

"कोणत्या आजी?"

"सतराव्याच्या." दंतवैद्य आत आला. "तुम्ही पाहुणे दिसता. सिनेमाच आहे हो, कळतं आम्हाला. पण विषाची परीक्षा घ्या कशाला? आम्ही आपले, त्या असल्या की म्हणतो, तुम्ही व्हा पुढे."

"सगळेच?"

"माझी बायको तर जिन्याने जाते. तेवढंच वजन कमी होतंय." तो मोठ्याने हसला.

लेखकही हसला. समोरचा एवढा हसत असताना न हसणं बरं दिसलं नसतं.

ताईने चहा टाकला. पुडा पाहून म्हणाली, "काय रे, आजारी आहे की काय मी?"

"सहज आणला."

"सहज तू कधी पेन्सिलसुद्धा आणली नाहीस." ती बसली. "बरी आहे मी. इथले लोक हल्ली फार सभ्य झालेत. 'आजी, तुम्ही जा पुढे.' अख्खी लिफ्ट मला एकटीला. राणीला नसेल असा थाट."

लेखकाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ज्या माणसाने शंभर पात्रांचे चेहरे कागदावर उतरवले होते, त्याला हा एक वाचता येईना. ती कपात बिस्कीट बुडवत होती.

"पाव आणतेस की नाही रोज?"

"सूनबाई येताना आणते आता. आणि मी गेले तरी दोन मिनिटांत परत. पूर्वी अर्धा तास लागायचा." बिस्कीट मोडून कपात पडलं. ती चमच्याने शोधू लागली. "दुसरा भाग काढताय म्हणे? पोरगा सांगत होता."

"विचार चाललाय."

"मग एक कर. म्हातारीला परत आण. काही दाखवू नकोस फार. बाजारातून येते, लिफ्ट भरलेली आहे, सगळे सरकून तिला जागा देतात. एवढंच."

"तेवढ्याने सिनेमा होत नाही गं, ताई."

"न होऊ दे. सिनेमे पुष्कळ आहेत."

"बघतो," लेखक म्हणाला. हा शब्द त्याच्या धंद्यात सर्वांत जास्त वापरला जातो, आणि त्यानंतर कुणीही काहीही बघत नाही. हे ताईला ठाऊक नव्हतं, असं त्याने स्वतःला समजावलं.

निघताना ती चपला घालू लागली. दारातून निरोप देणं तिला कधीच जमलं नव्हतं. माणूस रस्त्याला लागेपर्यंत ती बरोबर यायची. लिफ्ट आली. ताई गप्पच आत शिरली.

"तिच्याशी बोलत नाहीस आता?"

"कशाला? कुणाच्या कानावर गेलं तर आणखी घाबरायचे."

आत्ता लेखकाला उमगलं. म्हणजे हिला सगळं माहीत होतं. बोलायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात लिफ्ट नवव्यावर थांबली. दारात गाण्याच्या बाई उभ्या होत्या. त्यांचा एक पाय पुढे आला, मग तो पायच बाईंच्या आधी मागे गेला.

ताईने हाताने दार धरलं. "या ना. माझा भाऊ आहे बरोबर. सगळं यानेच लिहिलंय. हा असताना काही व्हायचं नाही."

"नको हो, तुम्ही जा पुढे. माझं... गॅस चालू राहिलाय."

"जावई बरा आहे ना?"

"बरा आहे," बाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या. त्यांना पुढे बरंच सांगायचं होतं, हे लेखकालासुद्धा दिसलं. ताईने हात काढला. दार मिटलं.

"गॅस," ती म्हणाली. "बिचारी. खोटं बोलायची सवय नाही तिला."

"ताई, माझ्यामुळे..."

"चांगला होता रे सिनेमा. मी तर डोळेच मिटून घेतले होते."

खाली चार जण थांबले होते. ताईला पाहून चौघे दोन पावलं मागे सरकले, आदबीने. लेखक बाहेर पडला. ती आतच राहिली.

"मी येतो ना वर, सोडायला."

"मग मी पुन्हा येणार तुला पोचवायला. आयुष्य जाईल त्यात." तिने सतराचं बटण दाबलं. "तशी हरकत नाही म्हणा."

त्याच क्षणी खिशातला फोन थरथरला. निर्माता. लेखकाने खाली पाहिलं, फक्त कुणाचा आहे ते बघायला. वर पाहिलं तेव्हा दार मिटत होतं, आणि फटीतून ताई बटणांच्या पट्टीवर हात ठेवून काहीतरी बोलत होती. ओठ हलले तेवढे दिसले.

तो त्या चौघांमध्ये उभा राहून आकडे बघू लागला. एक, दोन, तीन. पाचवर थांबेल असं त्याला वाटलं. नववर तर नक्की. पटकथेत या जागी त्याने संगीत लिहिलं होतं. इथे नुसता तारांचा आवाज होता, आणि कुणीतरी जांभई दिली. बारा, तेरा, चौदा.

सतरावर आकडा थांबला. ताई उतरून जाईल एवढा वेळ पाचही जण वाट पाहत राहिले. मग शेजारच्याने बटण दाबलं.