पाच पॉइंट नऊ

रवळू ड्रायव्हरच्या पोटात दुखायला लागलं ते सकाळी पावणेसहाला, नोटीस बोर्डापुढं उभं राहून. डेपोचं नाव मी सांगत नाही. निपाणी-बेळगाव रस्त्यावरचा आहे एवढं पुरे. नाव घेतलं की कुणीतरी विचारतं, ते कानडीत लिहायचं का मराठीत, आणि मग गोष्ट राहते बाजूला.

या डेपोत दर सहा महिन्यांनी ज्या ड्रायव्हरचं डिझेलचं ॲव्हरेज सगळ्यात जास्त भरेल, त्याला पगाराबरोबर पाच हजार जादा मिळत. शिवाय झेंडावंदनाला शाल, टाळ्या आणि फोटो. फोटो पुढचे सहा महिने बोर्डावर. मागल्या दोन्ही खेपेला तो फोटो शामूचा होता.

शामू म्हणजे रवळूचाच चेला. सात वर्षांपूर्वी नोकरीला लागला तेव्हा तवंदीचा घाट आला की तो गाडी बाजूला घेऊन उभी करायचा. रवळूनं पंधरा दिवस शेजारी बसून त्याला तो घाट शिकवला. "उतारावर गाडी न्यूट्रल करायची न्हाय. डिझेल वाचंल, मानसं वाचायची न्हाईत," हे त्याचं पहिलं वाक्य. चेल्यानं ते ऐकलं, शिकला, आणि गुरूच्या पुढं गेला. लोक म्हणत, रवळूअण्णा, तुमचं नाव काढलं पोरानं. रवळू हसायचा, आणि घरी जाऊन जेवणात मीठ कमी आहे म्हणून बायकोवर, मंगलवर, तोंड टाकायचा.

"पैशाचं मला काय न्हाय," असं तो सांगे, आणि ते खरंच होतं. दुखणं होतं त्या फोटोचं. रोज ड्युटीची सही करताना समोर शामूचे बत्तीस दात. बावीस वर्षांत रवळूनं गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता. पण ओरखडा आला नाही याचा फोटो कुठं लावतात? जूनमध्ये तो रिटायर होणार होता. म्हणजे ही शेवटची खेप. सहा महिने त्यानं ॲक्सिलरेटरवर पाय असा ठेवला होता, जणू खाली अंडी आहेत.

आणि आज यादी लागली होती. क्लार्क परशरामनं मार्करनं लिहिलेली, बिल्ला नंबराच्या क्रमानं, सगळी कानडीत. आकडेसुद्धा कानडीच.

आता रवळूचं शिक्षण गुंजीकडच्या मराठी शाळेत, सातवीपर्यंत. कानडी तो असा बोले की धारवाडचा माणूसही विचारी, तुम्ही कुठल्या गल्लीतले? पण वाचायचं म्हटलं की पंचाईत. भाषेची परीक्षा कशी पास झाला ते विचारू नये. गावांच्या पाट्या तो ओळखायचा ते लांबून पाहुणा चालीवरून ओळखावा तसा. आकड्यांत दोन, तीन, चार आपल्यासारखेच. सहा आणि नऊ तेवढे जुळे भाऊ. शेपूट कुठं वळतं एवढाच फरक, आणि परशरामच्या मार्करला शेपटाची फारशी पर्वा नव्हती.

रवळूनं आपल्या नावापुढं वाचलं, पाच पॉइंट सहा. शामूच्या नावापुढं वाचलं, पाच पॉइंट नऊ. उलटंही असू शकेल अशी शंका त्याच्या मनाला शिवली नाही. शामूचंच जास्त असणार, हे त्याच्या पोटानं डोळ्यांच्या आधी ठरवून टाकलं होतं. कुणाला विचारावं तर बावीस वर्षं कानडी पाटीची गाडी हाकून आकडा वाचता येत नाही हे चव्हाट्यावर आलं असतं.

तेवढ्यात शामूच आला. बोर्डाकडं बघितलं आणि त्यानं मागून रवळूला मिठीच मारली. "जमलं बगा, अण्णा!"

तुला जमलं, मला कशाला सांगतोस, असं रवळूच्या अगदी ओठावर आलं. "व्हय, व्हय," म्हणून त्यानं खांदा सोडवून घेतला.

कॅन्टीनमध्ये गुंडू कंडक्टर ओरडला, "अण्णा, पेढं कवा?" सगळे हसले. हरलेल्या माणसाकडं पेढे मागायचे, काय माणसं आहेत ही! रवळूनं अर्धा चहा तसाच ठेवला. त्या दिवशी जो भेटेल तो त्याच्या पाठीवर थाप मारत होता, आणि प्रत्येक थाप त्याला चापटीसारखी लागत होती.

घरी आल्यावर मंगलनं विचारलं, "लागली व्हय यादी?"

"लागली."

"मग?"

"मग काय? शामू."

मंगलनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मग तिला जे बोलायला नको होतं तेच बोलली. "दिपाली म्हनत हुती, अण्णांनी शिकिवलं म्हनून आमचं ह्ये दिवस. चांगली हाय हो शामूची बायको."

रवळूच्या अंगाचा तिळपापड झाला. चांगली असायला काय जातं? रोज डेपोच्या दारातून जाताना नवऱ्याचा फोटो बघायला मिळाला तर मंगलसुद्धा चांगलीच वागली असती.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. दुपारी मंगल बाजारला गेल्यावर त्यानं नातवाच्या वहीतलं एक पान फाडलं आणि डाव्या हातानं, अक्षर वाकडंतिकडं करत, मॅनेजर मॅडमना अर्ज लिहिला. मराठीतच, दुसऱ्या कशात लिहिणार? 'यादीत ज्या ड्रायव्हरचे ॲव्हरेज ५.९ आहे तो तवंदी घाटात प्रवाशांनी भरलेली गाडी न्यूट्रल करून सोडतो. मी डोळ्यांनी पाहिले आहे. एक प्रवासी.'

शामूचं नाव लिहायला मात्र हात धजावला नाही. नाव न लिहिता आकडा लिहिला तर पाप निम्मं होतं, असा काहीतरी हिशोब त्यानं मनाशी केला. शामू असलं कधी करणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आकडा लिहिताना हात दुखला म्हणून पेन उजव्या हातात घेतलं, तेवढंच. मग पाय मोकळे करायला म्हणून स्टँडवर गेला आणि तक्रार पेटीत पान टाकून आला. परतताना फार बरं वाटलं त्याला. रात्री आमटीला नावही ठेवलं नाही.

आठ दिवसांनी मॅडमनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं, त्याला आणि शामूला. रवळूला वाटलं, शामूचा गुरू म्हणून आपल्याला विचारतील. काय बोलायचं ते त्यानं जिन्यावरच ठरवलं: पोरगं चांगलं हाय मॅडम, पर हल्ली आकड्याच्या मागं लागलंय. फार नाही, एवढंच.

मॅडम कित्तूरकडच्या, मराठी समजायचं, वाचता येत नव्हतं. त्यांनी परशरामला अर्ज वाचायला लावला. परशरामनं तो अडखळत वाचला. रवळू मान खाली घालून ऐकत होता आणि चेहऱ्यावर वाईट वाटल्यासारखं दाखवत होता.

"काय म्हणणं आहे तुमचं?" मॅडमनी विचारलं.

रवळूनं शामूकडं बघितलं. बोल की बाबा आता.

"रवळू, तुम्हाला विचारतेय मी."

"मला?"

"मग कुणाला? ऐदु पॉइंट ओंबत्तु. ओंबत्तु निमदं री." नऊ तुमचंच आहे.

वाचता येत नसलं तरी ऐकलेलं कानडी रवळूला कधी चुकलं नव्हतं. ओंबत्तु म्हणजे नऊ, आणि निमदं म्हणजे तुमचं. ती मिठी, ते पेढे, त्या पाठीवरच्या थापा सगळ्या एकदम आठवल्या. सगळ्या खऱ्या होत्या. पहिला तो होता. आठ दिवस तो पहिला होता आणि ते त्याला सोडून सगळ्या डेपोला ठाऊक होतं.

शामू मात्र भडकला. "मॅडम, ह्ये झूट हाय! न्यूट्रल करू नगंस म्हनून ज्या मानसानं मला शिकिवलं, त्येच्यावरच? कोन हाय त्यो परवासी? दाखवा इकडं अक्षर!" आणि त्यानं परशरामच्या हातातलं पान ओढून घेतलं.

तो वाचत राहिला. मग वाचायचा थांबला, आणि नुसता बघत राहिला. सात वर्षं रवळूच्या हातून गाडी घेताना त्यानं लॉगशीटवर रवळूचे आकडे बघितले होते. रवळूच्या नऊचं शेपूट गियरच्या दांड्यासारखं लांब खाली येई आणि टोकाला आकडी मारी. सगळ्या डेपोत तसा नऊ दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"ओळखलंस?" मॅडमनी विचारलं.

शामूनं पान टेबलावर ठेवलं. "न्हाय."

मॅडमनी सांगितलं ते नियमाप्रमाणेच. घाटाबद्दलचा अर्ज आला की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत बक्षीस नाही. दोन महिने तरी जाणार. सव्वीस जानेवारी पंधरा दिवसांवर. शाल आणि पैसे दुसऱ्या नंबरला, म्हणजे पाच पॉइंट सहाला. अर्ज लिहिणाऱ्यानं स्वतः येऊन मागं घेतला तरच फाइल बंद.

दोघं बाहेर आले. व्हरांड्यात शामू थांबला. रवळूला वाटलं, आता हा शिव्या देईल. दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"अण्णा," शामू म्हणाला, "घाट तुमी मला शिकिवलासा. कानडी आकडं मी तुमास्नी शिकवाय पायजे हुतं. चुकलंच माजं." आवाज चढलेला नव्हता. "त्यो अर्ज माज्यावर हुता न्हवं?"

शामूनं टोपी घातली आणि साडेदहाची बेळगाव काढायला गेला. त्याची गाडी फाटकातून बाहेर पडली ती हळू, दुसऱ्या गियरमध्ये, धक्का न देता. रवळूनं शिकवली होती अगदी तशी.

गप्प बसलं की झालं, रवळूच्या मनात आलं. शामू कुणाला सांगणार नव्हता. शामूचा फोटो तिसऱ्यांदा लागेल, आपण टाळ्या वाजवू, जूनमध्ये घरी जाऊ. मंगलला काही कळणार नाही. पण दिपाली पेढे घेऊन दारात येईल, अण्णांमुळंच म्हणेल, आणि तिच्यामागं उभा राहून शामू हसेल, काहीही न बोलता. फोटोतले दात वर्षभर सोसले होते. हे सोसवलं नसतं.

तो वळला आणि केबिनचं दार ढकललं. परशराम पान फाइलला लावत होता.

"मॅडम, ओंबत्तु नंदे री," तो म्हणाला. नऊ माझाच आहे.

"माहीत आहे," मॅडम फाइलमधून वर न बघताच म्हणाल्या. "पाच पॉइंट नऊ तुमचंच. चौकशी संपली की बघू."

"यादीतला न्हवं, मॅडम," रवळू म्हणाला. "कागदावरचा."