वळणावरच्या प्लॅटफॉर्मवरून

मी प्लॅटफॉर्मवरची बाई बोलतेय. इकडेतिकडे शोधू नका, जरा खाली वाका. खोलीभर पसरलेल्या या फळीवर रूळ आहेत, रुळांच्या वळणावर स्टेशन आहे, आणि स्टेशनच्या पाटीखाली पिवळ्या कपड्यांत मान वाकडी करून उभी आहे ती मी. उंचीने तुमच्या बोटाच्या पेराएवढी. पण कान तिखट आहेत, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको की बाईने चोरून ऐकलं.

माझा जन्म कवळीच्या मसाल्यातून झाला. हसा, हसा. आमचे घरधनी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवत आले, म्हणून सगळे त्यांना कवळीकाका म्हणतात. एकदा कोणाच्या तरी खालच्या दातांचा गुलाबी मसाला थोडा उरला. काकांनी तो तारेच्या काडीवर थापला, दात कोरायच्या हत्याराने नाकडोळे काढले, आणि मी झाले. वरून कपडे पिवळे असले तरी आतून मी हिरडीसारखी गुलाबी आहे. एक हात त्यांनी मला डोळ्यांवर धरायला दिला, म्हणजे गाडीतून कोण उतरलं, कोणाबरोबर उतरलं, हे मला नीट दिसावं.

या फळीवरचं सगळंच असं कवळीच्या घराण्यातलं. डोंगर दातांच्या साच्याच्या प्लास्टरचे. बोगद्याची कमान एका मोठ्या जबड्याच्या साच्यातून उचललेली. रुळांखालची खडी म्हणजे चाळणीने तीनतीनदा चाळलेली वाळू. काका ती चमच्याच्या टोकाने पसरतात, मग थेंबाथेंबाने डिंकाचं पाणी सोडतात, आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरतात. नेमकं त्याच वेळी काकू दार ढकलतात.

"अहो, चहा."

"श्श! फुंकर जाईल!"

"मी चहा आणलाय, वादळ नाही आणलं."

असा यांचा संसार. मला करमणुकीला दुसरं काही लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. काकूंना एक थोरला भाऊ आहे. मोठा माणूस, आवाज भरदार, आयुष्यभर इंजिन चालवलेलं, तेही वाफेच्या इंजिनापासून. काकूंसाठी तो दादा, म्हणून काकांसाठीही दादाच. त्या दादांचे डोळे काचबिंदूने गेले. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं. बायको आधीच गेलेली. एकटेच राहायचे, तिसऱ्या मजल्यावर. एकदा जिन्यात घसरले आणि गुडघा फोडून घेतला. तेव्हापासून काकूंचा एकच धोशा, दादाने आपल्याकडे यावं, कायमचं. फोनवर त्या गोड बोलून बघायच्या, रडून बघायच्या, रागावूनही बघायच्या. दादा ऐकायचे नाहीत.

"चिमणे, मला तुमच्या घरातली कोपऱ्यातली कुंडी करू नकोस," ते म्हणायचे. "दिवसातून एकदा पाणी घातलं की झालं."

फोन ठेवला की काकू या खोलीत येऊन बसायच्या. काका हातातलं काम थांबवायचे नाहीत, पण वेग कमी व्हायचा. माणसं अशी सोबत करतात हे मी तेव्हा पाहिलं.

काकांनी एक शक्कल लढवली. दुकानातून या रुळांच्या मापाचं वाफेचं एक काळं इंजिन विकत आणलं, अगदी दादांच्या जातीचं, आणि दोघं ते घेऊन दादांकडे गेले. मी काही बरोबर नव्हते, पण परत आल्यावर जी जुंपली त्यातून मला सगळं कळलं. दादांनी ते हातात घेतलं, दोनदा फिरवलं आणि परत दिलं. म्हणाले, "जावईबापू, साबणाची वडी छान आहे."

काकूंचा तिळपापड झाला होता. "इतक्या प्रेमाने नेलं, आणि याने..."

काका मात्र इंजिनावर अंगठा फिरवत बसले होते, डोळे मिटून. मग म्हणाले, "खरं बोलले गं ते. बोटाला लागतंय काय यात? चढताना धरायचे दांडे म्हणजे नुसत्या उठवलेल्या रेघा. पायऱ्या चिकटलेल्या. डोळ्यांना फसवायला ठीक आहे. बोट कसं फसेल?"

आणि तिथून ते काम सुरू झालं.

मी या खोलीत बरीच कामं पाहिली आहेत, पण असं नाही. काकांनी आधी ते इंजिन उघडलं, मग धारदार पात्याने त्याच्या अंगावरच्या खोट्या रेघा एकेक करून खरवडून काढल्या. चांगलं नवं कोरं इंजिन, पाहता पाहता खरूज झाल्यासारखं दिसू लागलं. शेजारचे एक गृहस्थ डोकावले आणि म्हणाले, "एवढी किंमत देऊन आणलंत आणि वाट लावलीत की हो!" काका खरवडत राहिले.

मग हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने भोकं पाडली. केस जाईल न जाईल एवढी. त्यांत पितळेच्या तारेचे खरेखुरे दांडे बसवले, अंगापासून सुटे, की त्यांच्यामागे नख शिरावं. बॉयलरच्या कडेने वाफेची नळी वळवली. पातळ पत्र्याला मागून सुईने टोचून टोचून रिव्हेटचे दाणे उठवले. चिमूटभर खरा कोळसा कुटून इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात भरला. शिट्टी केली, तिची साखळी केली. जुन्या खिळ्यांचा गंज घासून त्याची भुकटी चाकांजवळ लावली, मेणबत्तीची काजळी धुरांड्याशी.

"गंज कशाला?" काकूंनी विचारलं. "तो तर दादाला दिसायचा नाही."

"खरखरीत लागतो," काका म्हणाले.

जीभ दातांत धरून काम करायची त्यांना सवय आहे. चिमट्यातून एखादा तुकडा उडाला की दोघं नवरा-बायको गुडघ्यांवर बसून फरशी चाचपायचे. काकूंचं तोंड चालू, हात चालू. "एवढ्या वयात रांगायला लावलंत मला." आणि तुकडा नेहमी त्यांनाच सापडायचा. खरं सांगते, त्या दोघांना असं रांगताना बघून मला माझ्या नशिबाचं कौतुक वाटायचं. कोणाकोणाला खिडकीतून नुसता रस्ता दिसतो.

शेवटी पायऱ्या लागल्या, इंजिनात चढायच्या, दोन्ही बाजूंना. जुने फोटो समोर ठेवून मापाने केलेल्या, जाळीच्या. काकांनी इंजिन रुळावर ठेवलं, वेगाचा खुंटा फिरवला. डोंगराला वळसा घालून, बोगद्यातून, पुलावरून ते असं काही डौलात निघालं की मीसुद्धा मान आणखी वाकडी केली असती. काकू टाळ्या वाजवत होत्या.

आणि ते माझ्या अंगावर आलं.

झालं असं, की आमचा प्लॅटफॉर्म वळणावर. वळणावर इंजिनाचं अंग बाहेर येतं. काकांनी फोटोतलं माप बघितलं, पायरीचं माप बघितलं, पण पायरीचं प्लॅटफॉर्मच्या कडेशी जमतंय का हे बघितलंच नाही. कवळी कितीही सुंदर केली तरी तोंड मिटतंय का ते आधी बघायचं, हे दुसऱ्यांना शिकवणारा माणूस! पायरी प्लॅटफॉर्मच्या कडेला आपटली, इंजिन तिरकं झालं, मी तोंडावर पडले आणि डोळ्यांवरचा हात माझा खांद्यापासून गेला.

काका पायरी तपासत होते. वाकली होती, मोडली नव्हती.

"पायऱ्या थोड्या आत घेतो," ते म्हणाले. "कापाव्या लागतील. अर्ध्या राहतील, पण गाडी जाईल."

"आणि प्लॅटफॉर्म कापला तर?"

"अगं, अख्खं स्टेशन उखडावं लागेल. कडा, दिवे, कुंपण, ही माणसं. उद्या तर दादा येणार."

हो, दादा येणार होते. काकूंनी त्यांना सांगितलं होतं की यांचं काम अडलंय, इंजिनात कुठे काय असतं ते विचारायला दुसरं कोणी नाही. दादा म्हणाले होते, "तासाभरासाठी येतो. पिशवी आणणार नाही. मुक्कामाचा विषय काढलास तर उलटा फिरेन." काकूंनी कबूल केलं होतं. पण हा तास फुकट गेला तर दादा पुन्हा कधी जिना उतरणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं, काकांनाही. आणि मलाही, पडल्या पडल्या.

काकूंनी इंजिन हातात घेतलं. "दादा इंजिनात चढायचा, प्लॅटफॉर्मवर नाही," त्या म्हणाल्या. "त्याचा हात आधी पायरीलाच जाईल. पायरी अर्धी लागली तर पुढे बघणारसुद्धा नाही. ठेवेल खाली. तुमचं स्टेशन कापा."

काकांनी आपल्या स्टेशनकडे पाहिलं. तिथली फरसबंदी त्यांनी सुईने एकेक चौकोन काढून केली होती. मग करवत घेतली.

आम्हा सगळ्यांना उचलून कवळी बुडवायच्या वाटीत ठेवलं. हमाल, तिकीट तपासनीस, बाकावरचा झोपलेला माणूस आणि हात तुटलेली मी. दिवसभर प्लास्टरची भुकटी उडत होती. संध्याकाळी आम्ही परत उभे राहिलो, प्लॅटफॉर्म निमुळता झालेला, कडेला फरसबंदी तुटलेली, रंग ओला. इंजिन गेलं. पायरी आणि कडा यांच्यात कागद सरकेल एवढीच फट. पण गेलं.

दुसऱ्या दिवशी दादा आले. काकूंच्या खांद्यावर हात ठेवून, मान ताठ. बसल्या बसल्या म्हणाले, "हं, विचारा काय विचारायचंय. तास सुरू झाला."

काकांनी सरळ इंजिन त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"पुन्हा साबण?"

"बघा तरी," काका म्हणाले.

दादांचा उजवा हात आला. आणि काकू म्हणाल्या होत्या तसाच तो आधी खाली गेला. तर्जनी पायरीला लागली. थांबली. दुसऱ्या पायरीवर गेली. मग वर दांडा, दांड्यामागे नख शिरलं. दादांची पाठ खुर्चीपासून सुटली. रिव्हेटांवरून बोट असं हळू गेलं की मला मोजता आले असते. नळी, झडप, शिट्टी. कोळशात बोट खुपसलं आणि ते नाकाशी नेलं. काकू पदार्थ जळताना बघावं तशा जीव मुठीत धरून बघत होत्या.

मग ते बोट पुन्हा डाव्या दांड्यावर आलं, आणि तिथेच वरखाली फिरत राहिलं.

"हे माझं नाही," दादा म्हणाले.

काकूंचा चेहरा पडला. काकांनी चष्मा काढला.

"माझ्या इंजिनाचा डावा दांडा मधे वाकलेला होता," दादा म्हणाले. "कोळसा भरताना कोणाचं तरी फावडं लागलं होतं. कोणी सरळ केला नाही, मीही करू दिला नाही. चढताना अंगठा बरोबर त्या खळग्यात बसायचा. अंधारातसुद्धा कळायचं की आपल्याच घरी आलो."

तो दांडा सरळ बसावा म्हणून काकांनी तीनदा उपसून पुन्हा लावला होता. मी साक्षीदार आहे. पण काका एवढंच म्हणाले, "मग वाकवा की."

"मोडेल."

"मोडला तर दुसरा लावू. तार बक्कळ आहे."

दादांनी अंगठ्याचं नख दांड्यावर टेकवलं. दाबलं. तार किंचित आत गेली, मोडली नाही. त्यांनी तिथे अंगठा ठेवला आणि खूप वेळ उचललाच नाही. काकू काही बोलणार होत्या, काकांनी डोळ्यांनी गप्प केलं. या घरात हे उलटं प्रथमच घडत होतं.

"चालतं का हे?" दादांनी विचारलं.

काकांनी इंजिन रुळावर ठेवलं आणि वेगाचा खुंटा त्यांच्या हाताखाली दिला. दादा कान देऊन बसले. बोगद्यात आवाज घुमला तशी मान हलवली, पुलावर आवाज पोकळ झाला तशी भुवई उचलली. स्टेशन आलं तेव्हा खुंटा मागे घेतला, पण जरा उशिराच. गाडी माझ्यासमोरून सरसर निघून गेली.

"दादा!" काकू ओरडल्या. "प्लॅटफॉर्म मागे राहिला!"

"मग पॅसेंजरांना चालायला सांग," दादा म्हणाले. "पाय दिलेत ना देवाने?"

आणि ते हसले. तो हसणारा आवाज या खोलीला नवीन होता. काकू तोंडावर हात धरून बाहेर गेल्या, हसायला की रडायला ते मला दिसलं नाही, आणि मी अशा गोष्टी सहसा सोडत नाही.

तास कधीच संपून गेला होता. कोणी आठवण करून दिली नाही. चार फेऱ्या झाल्यावर दादा म्हणाले, "पाणी भरायचा नळखांब कुठाय इथे? पाण्यावाचून किती पळवणार बिचारीला?"

"नाही केला अजून," काका म्हणाले. "कसा असतो ते नीट माहीत नाही."

"मी सांगतो ना. एका दिवसाचं काम नाही ते." मग दाराच्या दिशेने, "चिमणे, उद्या माझे कपडे घेऊन ये. आणि सुती फडकी आण, जुनी. यांनी इंजिनावर बोटांचे ठसे उमटवलेत, मला लागतायत."

तेव्हापासून दादा इथेच आहेत. सकाळी ते इंजिन पुसतात आणि नळखांबाचं काम चालतं. दादा हवेत हाताने आकार काढून दाखवतात, काका तार वळवतात, दादा चाचपतात आणि म्हणतात, "छे, मान अजून खाली." काका पुन्हा वळवतात. वाद होतात, चहा गार होतो. काकू दोघांनाही बोलतात, आता दुप्पट.

परवा पुसताना दादांचं बोट भरकटून प्लॅटफॉर्मवर आलं आणि मला लागलं. "ही कोण गं? हात तुटलेली?"

"ती?" काकू म्हणाल्या. "चौकस बाई आहे एक. कोण आलं, कोण गेलं, सगळ्यात नाक."

"असू दे, असू दे," दादा म्हणाले. "स्टेशनावर अशी एक लागतेच."

काका म्हणतात नवा हात लावून देतो. सवडीने लावा, मला घाई नाही. तुम्ही मात्र कधीतरी या. हात धुऊन इंजिनाला बोट लावा, डावा दांडा सोडून, तो दादांचा आहे. दोन घटका माझ्यापाशी थांबा, आणि तुमच्या घरी काय चाललंय ते जरा सविस्तर सांगा. इथून मला तुमची खिडकी दिसत नाही.