चहाच्या गावाला चहा घेऊन

आमचे हे चीनला जाऊन आले, हे विलायतेतल्या आमच्या रीडिंग गावच्या प्रत्येक मराठी माणसाला आता तोंडपाठ झालं आहे. मीही गेले होते. पण फोटो काढायला कुणीतरी लागतंच, एवढंच लोक त्यातून घेतात.

इथल्या मराठी मंडळाने ह्यांचं व्याख्यान ठेवलं. प्राचीन व्यापारी मार्गावरचं एक गाव, असा भारदस्त विषय. कम्युनिटी हॉल, प्रोजेक्टर आणि आमच्या ज्ञानेश्वररावांच्या अंगात नवा कोरा कुर्ता. मी हॉलच्या किचनमध्ये मध्यंतराच्या चहासाठी आलं किसत होते. ते काम मला कुणी सोपवलेलं नाही, मंडळ सुरू झालं तेव्हापासून ते माझंच आहे. कप पुढे सरकवायला किचनला हॉलच्या बाजूने मोठी खिडकी आहे. त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि नाइलाजाने ऐकूही येत होतं. मदतीला मनीषा होती.

"शाशी गाव!" हे माईकवर गरजले. "युनान प्रांत! इथून खेचरांवर चहा लादून पार तिबेटपर्यंत न्यायचे. जस्ट इमॅजिन करा!"

लोकांनी इमॅजिन केलं आणि पहिला प्रश्न आला, तिथे व्हेज मिळतं का.

व्हेज आम्ही इथूनच नेलं होतं. एक अख्खी बॅग. ट्रॅव्हल कुकर, भाजणी, मेतकूट, पोहे, शिवाय टी-बॅग्ज आणि दुधाची पावडर. ज्या गावातून डोंगरापलीकडे चहा गेला, त्या गावाला आम्ही रीडिंगच्या सुपरमार्केटातला चहा घेऊन गेलो. बॅग भरताना मी म्हटलंही होतं, "अहो, तिथे चहाच असेल ना?" तर म्हणे, त्यांच्या चहाने ॲसिडिटी होते. न पिताच कळलं होतं. ह्यांना सगळं न पिताच कळतं.

गावातला दगडी चौक, देवळासमोरचा जुना लाकडी रंगमंच, नदीवरचा कमानीचा पूल, हे सगळं ह्यांनी पाहिलं ते मोबाइलमध्ये. पुलावर उभं राहून मला म्हणाले, "अँगल नीट घे, पोट दिसतंय."

बाजाराच्या दिवशी सकाळी हे घोरत होते. मी मोबाइलसुद्धा न घेता एकटीच बाहेर पडले. पुलापलीकडे एक म्हातारी दाराशी शेगडी पेटवून बसली होती. तिने मला हातानेच बोलावलं. मातीच्या इवल्याशा मडक्यात चहाची पानं भाजली, वर पाणी ओतलं, चर्र आवाज झाला आणि वाटी माझ्या हातात आली. आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही. तिने माझ्या बांगड्या निरखून पाहिल्या, मी तिच्या डोक्यावरचा निळा रुमाल. लग्न झाल्यापासून दुसऱ्या कुणीतरी माझ्यासाठी चहा केला आणि मी नुसती बसून प्यायले, असं पहिल्यांदाच होत होतं. मला रडू आलं. आनंदाने आलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

परत आले ती इतकी खुशीत, की ह्यांना उठवून सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "बरं झालं. आता पोहे टाक."

आणि आता हॉलमध्ये ह्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "एका सकाळी मी एकटाच बाहेर पडलो. पुलापलीकडे एक म्हातारी..."

माझा किसणारा हात थांबला.

ह्यांनी माझं आजवर पुष्कळ काही आपल्या नावावर करून घेतलंय. माझे विनोद पार्टीत ह्यांचे होतात. पुण्याच्या फ्लॅटचं रंगकाम उन्हात उभं राहून मी करून घेतलं, ते सांगताना 'मी करून घेतलं' असं हेच सांगतात. मी कधी तोंड उघडलं नाही. संसारातली कामं ती, कुणाच्या का नावावर असेनात. पण ती सकाळ संसारातली नव्हती. माझी होती, एकटीची. तीही गेली असती तर त्या अख्ख्या प्रवासातून माझ्यापाशी ट्रॅव्हल कुकर तेवढा उरला असता.

"तिचे डोळे पाणावले हो," हे सांगत होते. माझं रडणं म्हातारीला देऊन मोकळे! "फोटो मुद्दाम काढला नाही. काही क्षण कॅमेऱ्यात पकडायचे नसतात."

टाळ्या पडल्या. मनीषा माझ्या कानाशी लागली, "वीणाताई, किती सेन्सिटिव्ह आहेत हो तुमचे मिस्टर!"

"तर! आधण बघ," मी म्हटलं.

तेवढ्यात मनीषाची लेक सिया उभी राहिली. इथेच जन्मलेली, इथेच नोकरी करणारी. "काका, तो चहा कशी लागली?"

"ऑथेंटिक! एकदम ऑथेंटिक!"

"हो, पण टेस्ट? बिटर? स्वीट?"

चव मी सांगितलीच नव्हती. ह्यांनी विचारलीच नव्हती. हे खिडकीकडे वळले.

"वीणा, तू सांग गं जरा. तुला सांगितली होती ना मी चव."

सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या. मी एप्रनला हात पुसले. इतक्या वर्षांत मंडळाने मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं, आणि सांगायला माझ्याकडे होतंही. पण द्यायची इच्छा नव्हती.

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "तुम्ही एकटेच गेला होतात ना? मी खोलीवर तुमचे पोहे करत होते."

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. ह्यांनी कुर्त्याची बाही ओढली, प्रोजेक्टरकडे पाहिलं, सियाकडे पाहिलं.

"तसा चहासारखाच," हे म्हणाले. "फक्त दूध जरा कमी होतं."

सिया बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्या चहात दूध नव्हतंच.