न चाखता केलेलं

सुहासिनीनं ओढणी नाकावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारली, चिमटा धरलेला हात लांब केला आणि कागदासारखे पातळ काप तापल्या पॅनमध्ये सोडले. चर्र झालं तशी ती दोन पावलं मागे सरली.

"बाँब निकामी करतेयस का?" टेबलाशी बसलेल्या विनयनं विचारलं.

"अहो, बोलू नका. आधी ती खिडकी उघडा."

"बाहेर बर्फ पडायच्या बेतात आहे."

"पडू दे की. घरात नाही ना पडत."

विनय उठला, सिंकवरची खिडकी वीतभर सरकवून पुन्हा येऊन बसला. ईडन प्रेरीतलं हे घर घेतल्याला सव्वीस वर्षं झाली होती आणि सव्वीस वर्षांत या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा फुटलं नव्हतं. वाढदिवसाचे केकदेखील बिनअंड्याचे. तिथं आज बायको स्टेक परतायला उभी राहिली म्हटल्यावर काय बोलावं ते त्याला कळत नव्हतं, आणि कळेनासं झालं की तो विनोद करायचा.

सुहासिनीही 'स्टेक'च म्हणत होती. त्या शब्दाचं मराठी करायची वेळ तिनं मनातल्या मनातसुद्धा स्वतःवर येऊ दिली नव्हती. पॅन नवं, चिमटा नवा, कापायची फळी नवी. हे सगळं उद्या कुठं ठेवायचं ते उद्या बघू. देवघर म्हणजे पँट्रीतला एक कप्पा होता. सकाळी लवकर पूजा आटोपून, दूधसाखरेचा नैवेद्य दाखवून तिनं त्यावरचा पडदा ओढून घेतला होता.

"पडद्यातून वास जात नाही वाटतं?" विनय म्हणाला.

"त्यांचं आणि माझं मी बघून घेईन."

मळमळेल या धास्तीनं तिनं सकाळपासून चहाखेरीज काही पोटात घातलं नव्हतं. पण ओढणीतून नाकात शिरत होता तो कांद्याचा आणि ढोबळी मिरचीचाच वास. ते तिनं आधीच परतून बाजूला ठेवलं होतं. तेवढा भाग तिच्या रोजच्या हातातला होता.

गुरुवारी दुकानात मात्र तिची अगदी चोरासारखी गत झाली होती. पांढऱ्या कागदातलं पुडकं हातात घेऊन काउंटरवरून वळते तो समोर सीमा. मंडळाच्या गणपतीत दोघी वर्षानुवर्षं शेजारी बसून मोदक वळत आलेल्या. सीमाची नजर पुडक्यावर गेली आणि सुहासिनीची सीमाच्या ट्रॉलीत. तिथं कोथिंबिरीच्या जुडीखालून सॅल्मन माशाचं गुलाबी पाकीट डोकावत होतं. दोघी थंडीबद्दल चार वाक्यं बोलल्या आणि आपापल्या वाटेला लागल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं तर हे सगळं सुरू झालं ते सीमाच्याच घरी. दोनेक महिन्यांपूर्वी जेवायला बोलावलं होतं. पहिलाच घास घेऊन सीमाची निधी ओरडली होती, "मम्मा, भाताचा पार लगदा झालाय! यक!"

"आगाऊ आहे हो कार्टी," सीमा पाहुण्यांपुढे ओशाळून म्हणाली होती.

सगळे हसले. सुहासिनीही हसली. पण तिला सीमाचा हेवा वाटला होता.

तिच्या मुलानं, निमिषनं, पंधरा वर्षांत तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं. पानात काहीही वाढा, एकदा तर खालून करपलेली खिचडी वाढली होती, त्याचं आपलं ठरलेलं, "इट्स ग्रेट, आई. थँक यू." मग ताट विसळून डिशवॉशरमध्ये लावणार. दुसऱ्यांदा वाढून घेणार ते आग्रह केला तरच. नोकरीच्या गावी, चँडलरला, परत जाताना अंथरुणाच्या चादरी काढून, घड्या घालून पायथ्याशी ठेवणार, परक्याच्या घरी ठेवतात तशा. किती गुणी मुलगा, म्हणून बायका तिचं कौतुक करायच्या. आणि तिच्या मनात यायचं, अरे, एकदा तरी ताट सरकव आणि विचार, आई, हे काय करून ठेवलंयस?

लहानपणी हाच मुलगा काय काय म्हणायचा! गणपतीच्या नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. मीठ अंदाजानं घालायचं आणि देवावर भार टाकायचा. म्हणून आरती झाली की पहिलं पान निमिषचं. पाच-सहा वर्षांचं ते पोर वरणात बोट बुडवून चाटायचं आणि भरल्या घरात, तीसएक माणसांसमोर बोंब ठोकायचं, "आई, मीठ नाहीये!" मग स्वतःच स्टूल ओढून कपाटातून बरणी काढायचं. विनय त्याला मीठ इन्स्पेक्टर म्हणायचा. सुहासिनी वरवर लाजायची आणि आतून फुलून यायची.

मग तो सोळा वर्षांचा झाला. शनिवार-रविवार एका सँडविचच्या दुकानात कामाला लागला. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मोठ्या उत्साहानं एक खोका घेऊन घरी आला. "आय मेड धिस, आई. मी स्वतः!" झाकण उघडून त्यानं खोका ओट्यावर ठेवला. आत छोटे छोटे पाव, त्यांतून ओघळलेलं चीज आणि चीजखाली ते.

सुहासिनी ओरडली नाही. तिनं फक्त गराजच्या दाराकडे बोट दाखवलं.

थोड्या वेळानं दाराच्या काचेतून तिनं पाहिलं. अंगात जाड कोट, डोक्याला टोपी, गाडीच्या बॉनेटवर खोका ठेवून तो उभ्यानं खात होता. प्रत्येक घासाबरोबर तोंडातून वाफ येत होती. दार उघडावं असं तिला वाटलं होतं. अगदी मुठीवर हातही गेला होता. पण ती मागे फिरली आणि जिथं खोका ठेवला होता तिथं ओटा घासत बसली. तो घासल्याचा आवाज पलीकडे ऐकू गेला असणार.

दुसऱ्या दिवसापासून "मी खाऊन आलोय, आई" सुरू झालं. मित्र आले की गराजमध्येच बसू लागले. पुढे तिथं जुना सोफा आला, हीटर आला. त्या संध्याकाळबद्दल कधी कुणी बोललं नाही. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

आत्ताही तेच. उद्या रविवारी एरिकचं लग्न होतं. शाळेतला हा जिवलग मित्र. त्यानिमित्त आज दुपारी जुनी चौकडी जमून फुटबॉलची मॅच बघणार होती. निमिष काल संध्याकाळी आला आणि सकाळी उठल्या उठल्या त्यानं घडीच्या खुर्च्या गराजमध्ये नेऊन मांडल्या. "आम्ही पिझ्झा ऑर्डर करू, आई. तू काही करू नकोस, रिअली," असं म्हणून मित्रांना आणायला निघून गेला. त्याची गाडी कोपऱ्यावर वळली आणि सुहासिनीनं फ्रीजच्या तळाशी दडवलेलं पुडकं बाहेर काढलं.

मांसाचा रंग बदलला. तिनं त्यात कांदा-मिरची मिसळली. रेसिपीच्या व्हिडिओतल्या बाईनं सगळं अगदी चमच्याचमच्यानं सांगितलं होतं. मिरपूड इतकी, लसूण इतका, लोणी बिनमिठाचं. फक्त शेवटी, सगळं एकत्र झाल्यावर म्हणाली होती, मीठ चवीनुसार.

सुहासिनीनं चमच्यावर थोडंसं घेतलं आणि विनयसमोर धरलं.

"अहो, जरा बघता का?"

विनयनं खुर्ची मागे सरकवली. "बासष्ट वर्षं नाही खाल्लं, ते आता मीठ बघायला खाऊ?"

"मग कळणार कसं?"

"तू एवढे नैवेद्य करतेस. तेव्हा कुठं कळतं?"

ते खरंच होतं. तिनं चमचा खाली ठेवला, स्टोव्हच्या डावीकडच्या कपाटातून मिठाची बरणी काढली आणि झाकण उघडलं. तेवढ्यात गराजचं मोठं दार घरघरत वर जायला लागलं.

"आले!" ती दचकून म्हणाली. "मॅच दोनला आहे ना? आत्ताच कसे आले?"

चोरी पकडली जाणार असल्यासारखी तिची धांदल उडाली. हाताला लागेल ते तिनं भराभर कपाटात सारलं, मिरपूड, लसणाचं पाकीट, मिठाची बरणी. पावांची लादी अखंडच आडवी कापून ठेवलेली होती. खालच्या थरावर चीज, त्यावर पॅनमधलं सगळं, त्यावर पुन्हा चीज, वरून झाकणासारखा वरचा थर. लोणी फासून तिनं ट्रे ओव्हनमध्ये ढकलला आणि मग ओढणी सोडली. दाराच्या पलीकडून खुर्च्या सरकल्याचे आणि हसण्याचे आवाज येत होते. निमिषचं ते मोकळं हसू घराच्या या बाजूला तिनं किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

पंधरा मिनिटांनी तिनं ट्रे काढला. चीज कडेनं बुडबुडत होतं. तो टेबलावर मधोमध ठेवून तिनं चार ताटल्या मांडल्या, कागदाच्या नव्हे, घरातल्या. मग हात पुसले आणि गराजच्या दाराच्या मुठीवर ठेवले. मूठ गार होती. तिनं दार उघडलं.

"निमिष, सगळ्यांना आत बोलाव."

"पिझ्झा येतोय, आई. वी आर गुड."

"पिझ्झा कॅन्सल कर. टेबलावर वाढलंय."

ते चौघं बूट काढून आत आले. एरिक, देवांग, देवांगमागून त्यांच्यातला सगळ्यात उंच नील, आणि शेवटी निमिष. तो उंबऱ्याशीच थांबला. त्यानं टेबलावरचा ट्रे पाहिला, सिंकमधलं नवं पॅन पाहिलं, उघडी खिडकी पाहिली आणि मग पँट्रीतला बंद पडदा.

"तू केलंस?"

"व्हिडिओत बघून."

"कशाला एवढं, आई. आम्हाला गराजमध्ये चाललं असतं."

"मला नाही चालत," सुहासिनी म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला.

एरिकनं पहिलाच घास घेऊन डोळे मिटले. "ओ माय गॉड, आँटी. अमेझिंग!"

"काकू, तुम्ही रेस्टॉरंट काढा," देवांग म्हणाला. नीलचं तोंड भरलेलं होतं, त्यानं नुसताच अंगठा वर केला. विनय आपल्या दहीपोह्यांची वाटी घेऊन पोरांच्या शेजारी येऊन बसला.

निमिषनं घास घेतला. सावकाश चावला, गिळला. सुहासिनी ओट्याला टेकून बघत होती. ओढणीचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं.

"इट्स ग्रेट, आई," तो म्हणाला. "थँक यू."

तेच ते शब्द. एकही कमी नाही, जास्त नाही.

"घ्या ना अजून," ती सगळ्यांना म्हणाली आणि सिंककडे वळली. नळ सोडला, नवं पॅन धारेखाली धरलं. डोळे भरून आले, त्याचा तिला रागच आला. काय अपेक्षा होती तुझी? पंधरा वर्षं गराजमध्ये जेवलेलं पोर एका दुपारच्या पावानं घरी येईल? आला, बसला, खातोय, हे काय थोडं झालं? पाहुणा तर पाहुणा. पाहुण्याला तरी नीट जेवू घालावं माणसानं. ती पॅन घासत राहिली. पॅन केव्हाच स्वच्छ झालं होतं, पण मागे वळायचं तर चेहरा धड हवा.

टेबलावर मॅचच्या गप्पा चालल्या होत्या. विनयनं काहीतरी विचारलं, देवांग हसला. मग जरा वेळ नुसतेच ताटल्यांचे आवाज आले. त्यात खुर्ची सरकल्याचा एक आवाज होता.

"आई."

"हं?"

"यात मीठ नाहीये."

"ड्यूड!" एरिक दबक्या आवाजात म्हणाला.

"नाही नाही, काकू, मस्त झालंय," देवांग घाईघाईनं म्हणाला.

"अजिबात नाहीये," निमिष म्हणाला. "टोटली विसरलीयस."

सुहासिनीच्या हातातलं पॅन सिंकमध्ये घसरलं. तिनं नळ बंद केला नाही. पाठ तशीच ठेवून ती म्हणाली, "अगं बाई. डावीकडच्या कपाटात..."

पण ती बोलायच्या आधीच तिच्या डाव्या हाताला कपाटाची बिजागरी कुरकुरली होती, आणि बरणीचं झाकण फिरत होतं.